गाडी रांगेत तापते: पंखा की थर्मोस्टॅट?

गणपतीला गावी येताना मुंबई-गोवा महामार्गावर रांगेत अडकलं की तापमानाचा काटा चढतो आणि गाडी धावू लागली की उतरतो? मग आधी पंखा बघा. धावताना समोरचा वारा रेडिएटर थंड करतो. उभ्या गाडीला आधार पंख्याचाच. एसी लावूनही तो फिरत नसेल तर फ्यूज, रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारा स्विच), मग मोटरचं सॉकेट तपासा. आमच्या रत्नागिरीत खाऱ्या हवेने पिनांवर हिरवट थर चढतो. माझ्या गाडीत तेवढा घासून काढला आणि पंखा फिरू लागला!

थर्मोस्टॅट (इंजिनचं गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) बंद स्थितीत अडकला तर गाडी मोकळ्या रस्त्यावरही तापते, रेडिएटरचा खालचा पाइप मात्र गारच. असा थर्मोस्टॅट बदलायचा, नुसता काढून टाकू नका. आणि इंजिन पूर्ण निवल्याशिवाय रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका.