'कॉम्बॅट व्हीलचेअर': खेळातली खुर्ची आणि धरमपेठेतल्या पायऱ्या

सारा थॉम्पसन यांनी २०२० साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन खेळायच्या कल्पनारम्य खेळाच्या पाचव्या आवृत्तीसाठी 'कॉम्बॅट व्हीलचेअर' नावाचा नियमांचा छोटा संच तयार केला आणि तो सर्वांसाठी विनामूल्य खुला केला. व्हीलचेअर वापरणाऱ्या पात्रालाही योद्धा, चोर किंवा जादूगार म्हणून मोहिमेवर निघता यावे, हा त्यामागचा साधा हेतू. जिथे मंत्राने मेलेला माणूस उठून बसतो तिथे खुर्ची हवीच कशाला, असा आक्षेप तेव्हा इंटरनेटवर जोरात घेतला गेला, आणि नागपुरात आमच्या गटाने हे नियम वापरायचे ठरवले तेव्हा पहिला प्रश्नही हाच निघाला.

आक्षेप घेणाऱ्यांना सगळा दोष देता येत नाही, कारण मूळ नियमांची घडणच तशी आहे. दृष्टी गेलेल्या पात्राचा प्रत्येक वार दोन फासे टाकून त्यांतला लहान आकडा घेत करावा लागतो, आणि 'लेसर रिस्टोरेशन' हा दुसऱ्या पातळीचा मंत्र, जो क्लेरिकला, म्हणजे पुरोहित पात्राला, तिसऱ्या लेव्हललाच (लेव्हल म्हणजे पात्राच्या अनुभवाची पायरी) मिळतो, ते अंधत्व नुसत्या स्पर्शाने घालवतो. सातव्या पातळीच्या 'रीजनरेट'ने तर तुटलेला हातपायही दोन मिनिटांत परत येतो. म्हणजे अपंगत्व ही शत्रूने दिलेली तात्पुरती अडचण, आणि ती दूर करणे हे पुरोहिताचे काम. त्याच शरीरासह वाढलेल्या आणि त्यातच तरबेज झालेल्या माणसाची सोय या चौकटीत नाही. थॉम्पसन यांच्या नियमांनी ती केली, हे त्यांचे मोठे श्रेय आहे. खुर्ची ही उपचार होईपर्यंतची तडजोड नसून, चिलखत किंवा घोड्याप्रमाणे मालकाने निवडलेले, पैसे खर्चून सुधारत नेलेले साधन आहे.

आमच्या गटात एक मैत्रीण रोजच्या आयुष्यात व्हीलचेअर वापरते. हे पात्र तीच घेईल असे सर्वांनी गृहीत धरले होते. तिने मात्र "दिवसभर खुर्चीतच असते, इथे तरी मला उडू द्या" असे म्हणून पंख असलेली चेटकीण निवडली, आणि खुर्चीवरचा बुटका योद्धा इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थ्याकडे गेला. त्याने पहिल्याच लढतीत "मी खुर्चीतून उतरून गॉब्लिनवर झेपावतो" असे जाहीर केले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "अरे, उतरतोस कसा ते सांग आधी. ब्रेक लावलास का? हात कुठे टेकवलास?" त्यानंतर त्याने अरुंद दारात खुर्ची आडवी घालून, एक चाक घट्ट धरून दुसरे ढकलत जागच्या जागी वळत, सगळी वाट एकट्याने अडवली. नियमांच्या पानांपेक्षा मला त्या दोन प्रश्नांतून अधिक समजले, आणि गेम मास्टरने, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणाऱ्याने, असे प्रश्न विचारायला शिकावे अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

माझी तक्रार एकाच जागी आहे. खुर्चीत बसवलेल्या 'बीकन स्टोन' नावाच्या जादुई दगडांमुळे ती पायऱ्याही चढून जाते. खेळ अडू नये म्हणून हे सोयीचे आहे, पण त्यामुळे किल्ला बांधणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. या बाबतीत मार्च २०२१ मध्ये आलेल्या 'कँडलकीप मिस्टरीज' या याच खेळाच्या साहसकथांच्या पुस्तकातले जेनिफर क्रेचमर यांचे 'द कॅनोपिक बीइंग' हे साहस मला अधिक धाडसी वाटते, कारण तिथे भुयाराची आखणीच व्हीलचेअरवरून फिरता येईल अशी केली आहे. गंमत म्हणजे ते तेराव्या लेव्हलच्या पात्रांसाठी आहे, आणि क्लेरिकला 'रीजनरेट' मिळतो तोही नेमका त्याच लेव्हलला! उपचार हाताशी असतानाही इमारत सर्वांसाठी खुली हवी, हे तिथे कोणतेही भाषण न देता सांगितले जाते.

खेळाबाहेर असे दगड मिळत नाहीत. मैत्रीण मेट्रोने शंकर नगर चौकापर्यंत येते आणि लिफ्टने खाली उतरते, इथवर सगळे ठीक. पुढे धरमपेठेतल्या ज्या कॅफेत आम्ही जमत होतो, तिथे दाराशी रॅम्प आहे खरा, पण त्यावर कायम दुचाक्या लावलेल्या असतात आणि खेळाची टेबले पहिल्या मजल्यावर आहेत. आता आम्ही लक्ष्मीनगरात एका सदस्याच्या तळमजल्यावरच्या खोलीत खेळतो, टेबलाखाली गुडघे जातील एवढी उंची आधी मोजून घेतो आणि नकाशा टेबलाच्या मधोमध न ठेवता तिच्या हाताला येईल असा सरकवतो. दृष्टिहीन खेळाडूंसाठी ब्रेल फाशांच्या थ्रीडी प्रिंटिंगच्या फाइल 'डॉट्स आरपीजी प्रोजेक्ट'ने मोफत दिल्या आहेत. थ्रीडी प्रिंटर वापरायला मिळत असेल तर त्या जरूर छापून घ्याव्यात.

नियमांचा मजकूर इंग्रजीत आहे, परंतु भाषा सोपी आहे आणि गेम मास्टरने एकदा वाचून ठेवला की टेबलावर सगळे मराठीत चालते. ज्यांच्या गटात व्हीलचेअर वापरणारे कोणी नाही त्यांनीही तो उतरवून घ्यावा. फक्त पायऱ्यांचा नियम आम्ही बदलला आहे तसा बदलावा: दगडांची जादू दिवसातून एकदाच, एरवी वाट शोधणे ही संपूर्ण टोळीची जबाबदारी.