महिनाभर बंद, की रोज मोजून? समाजमाध्यमांपासून विश्रांती घेण्याचे दोन मार्ग

समाजमाध्यमांपासून काही काळ दूर राहायचे ठरवले, की दोन मार्ग समोर येतात. एक, खाते महिनाभर बंद ठेवणे. दुसरा, खाते चालू ठेवून रोजच्या वापराला वेळेचे कुंपण घालणे. यांतला कोणता निवडावा हे बहुतेक जण आपल्या निग्रहाचा अंदाज घेऊन ठरवतात. माझ्या मते त्याआधी ॲप कोणते आहे ते पाहावे. ज्या ॲपवर आपण नसलो तर दुसऱ्या कोणाचे अडते, तिथे मर्यादा पुरेशी आहे. जिथे कोणाचेच अडत नाही, ते सरळ बंद केलेले बरे.

पूर्ण बंदीचा एक मोठा आणि काटेकोर प्रयोग अमेरिकेत २०१८च्या मध्यावधी निवडणुकांच्या तोंडावर झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यात काही वापरकर्त्यांना मोबदला देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला सांगितले होते. त्यांचा दिवसाला सरासरी तासभर मोकळा झाला, आणि हा वेळ दुसऱ्या ॲपकडे न वळता घरच्यांशी व मित्रांशी गप्पा मारण्यात, तसेच एकट्याने टीव्ही पाहण्यातही गेला. मनःस्वास्थ्यात सुधारणा झाली, पण ती लहान होती. राजकीय मतांमधला टोकाचेपणा कमी झाला, त्याचबरोबर चालू घडामोडींची माहितीही कमी झाली. मला सर्वांत मोलाचे वाटते ते पुढचे निरीक्षण : प्रयोग संपल्यावर, कोणतेही बंधन नसताना, या लोकांचा फेसबुकचा वापर आधीपेक्षा कमीच राहिला.

मर्यादेच्या बाजूचा पुरावा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात १४३ विद्यार्थी होते. त्यांपैकी एका गटाने फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट यांना प्रत्येकी दिवसाला १० मिनिटे दिली आणि तीन आठवड्यांत त्यांच्यातला एकटेपणा व उदासी कमी झाली. चिंता आणि ‘आपले काही हुकते आहे’ ही रुखरुख मात्र दोन्ही गटांत घटली, म्हणजे ज्यांच्यावर कसलीही मर्यादा नव्हती त्यांच्यातही. सगळ्यांना आपल्या वापराची नोंद पाठवावी लागत होती, आणि केवळ नोंद ठेवण्यानेही फरक पडत असावा, असा त्याचा अर्थ लावला गेला.

कागदावर दोन्ही मार्ग जवळपास सारखे दिसतात. फरक पडतो तो व्यवहारात. आयफोनवर ठरवलेली वेळ संपली की पडद्यावर सूचना येते आणि तिथेच मर्यादेकडे दुर्लक्ष करण्याची सोय असते; एक मिनिट, पंधरा मिनिटे किंवा दिवसभरासाठी. कुलूप लावून किल्ली त्यालाच अडकवून ठेवण्यासारखा हा प्रकार आहे. अँड्रॉइडवर ॲपचे चिन्ह करडे पडते आणि वेळ वाढवायची तर सेटिंगमध्ये जावे लागते. एवढासा वळसाही पुष्कळदा पुरतो. तरीही मर्यादेचा मार्ग दमवतो, कारण त्यात ‘आता पुरे’ हा निर्णय दिवसातून अनेकदा आणि तोही रील डोळ्यांसमोर असताना घ्यावा लागतो. बंदीत तो निर्णय एकदाच घ्यायचा असतो.

बंदीच्या वाटेवरचे खाचखळगे वेगळे आहेत. फेसबुकचे खाते तात्पुरते बंद ठेवून मेसेंजर चालू ठेवता येतो. परंतु दुसऱ्या एखाद्या ॲपमध्ये फेसबुकच्या खात्याने प्रवेश केला, तर बंद खाते पुन्हा सुरू होते. इन्स्टाग्राम असे बंद करण्याची मुभा आठवड्यातून एकदाच देते, त्यामुळे ‘एकच मिनिट डोकावून येतो’ म्हणणाऱ्याची पंचाईत होते, आणि ते चांगलेच आहे. एक्सच्या बाबतीत मात्र सावध राहावे. तिथे निष्क्रिय केलेले खाते ३० दिवसांत पुन्हा उघडले नाही, तर ते कायमचे जाते. तिथे खात्याला हात न लावता फोनवरून ॲप काढून टाकणे पुरे.

व्हॉट्सॲपला बंदीचा मार्ग लागूच पडत नाही. शाळेचा गट, सोसायटीच्या पाण्याच्या सूचना, परदेशातल्या मुलीचा व्हिडिओ कॉल हे सगळे तिथेच असते आणि खाते काढून टाकले तर आपण सर्व गटांतून बाहेर पडतो. तिथे गट कायमचे मूक करावेत, नकोसे गट सोडावेत (२०२२ पासून याची सूचना फक्त ॲडमिनला जाते, त्यामुळे मामा-काकांच्या रुसव्याची भीती बरीच कमी झाली आहे) आणि चॅनेल व स्टेटस असलेल्या पानाकडे फिरकू नये. स्पर्धा परीक्षेच्या उमेदवाराचे टेलिग्रामशी असेच नाते असते. टिपणे देणारी दोन चॅनेल ठेवून बाकीची काढणे त्याला जमते. इन्स्टाग्राम मात्र त्याने परीक्षेपर्यंत निःशंकपणे बंद ठेवावे.

घरात इतर सगळे फोनमध्ये डोके घालून बसलेले असतील, तर एकट्याची मर्यादा टिकणे कठीण जाते. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये यावर सामूहिक तोड काढली. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बाजूला ठेवून मुले अभ्यासाला बसतात. शहरातल्या कुटुंबाला भोंग्याची गरज नाही. जेवणाच्या आधीचा एक तास सर्वांनी मिळून ठरवला आणि त्यात मोठ्यांनी स्वतःला सवलत दिली नाही, तरी मर्यादेचा मार्ग बराच सुकर होतो.

घरगुती डबे किंवा साड्या इन्स्टाग्रामवरून विकणाऱ्यांना महिनाभराची बंदी परवडणार नाही. त्यांनी फोनवरचे ॲप काढून संगणकावरून दिवसातून दोनदा मागण्या पाहाव्यात. ज्याला झोप लागत नाही आणि कशातच मन रमत नाही, त्याने मात्र या दोन्ही मार्गांवर विसंबून थांबू नये. डॉक्टरांना भेटावे किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे. बाकीच्यांनी इन्स्टाग्राम आणि फेसबुकपासून सुरुवात करावी, आणि महिना निवडताना लग्नसराई किंवा गणपतीचे दिवस टाळावेत, कारण तेव्हा फोटो पाहण्याचा आग्रह घरातूनच होतो.