नाव छापलेली बाटली की स्वतः रंग निवडलेला बूट?

कोका-कोलाने 2011 साली ऑस्ट्रेलियात बाटल्यांवर 150 लोकप्रिय नावं छापली. आपलं, मैत्रिणीचं नाव शोधत लोक दुकानातल्या फ्रीजपुढे रेंगाळू लागले. पेय तेच, फक्त लेबल आपलं. मात्र नाव यादीत नसलं की हिरमोड.

नाइकीने 1999 मध्येच वेगळी वाट धरली: संकेतस्थळावर बुटाचे रंग गिऱ्हाइकानेच निवडायचे. पैसे जास्त, वाटही पाहावी लागते. तरी मला हेच जास्त टिकाऊ वाटतं. आजीच्या पितळी डब्यावर ठोकून घातलेलं नाव पाहा. तो डबा मोडीत काढताना हात अडतोच. बाटली रिकामी झाली की विसरली जाते. रंग जुळवताना घालवलेला अर्धा तास मात्र बूट घालताना दरवेळी आठवतो.