पिकअपची स्टेपनी: हौद्याखाली, हौद्यात की मागच्या बंपरच्या दांड्यावर?

मागचा लोखंडी बंपर करून घेऊ का, असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, टायर कुठल्या मापाचे घालणार आहेस? टोयोटा हायलक्स, इसुझू व्ही-क्रॉससारख्या पिकअपमध्ये मागच्या बंपरचा खरा संबंध स्टेपनीशी असतो. स्टेपनी कुठे राहणार हे पक्कं झालं की बंपर कसा हवा, मुळात हवा का, हे ठरायला वेळ लागत नाही. थार आणि जिम्नीवाल्यांची यातून सुटका आहे, त्यांची स्टेपनी कंपनीनेच मागच्या दारावर टांगली आहे. पिकअपच्या हौद्याचा मागचा फाळका खाली पडतो, त्यावर चाक टांगायची सोय नाही.

हौद्याखाली, म्हणजे आहे तिथेच

वजन खाली राहतं, हौदा मोकळा राहतो आणि आरटीओचा प्रश्नच येत नाही. अडचण येते ती गाडी चिखलात बुडाल्यावर. मागचं चाक पंक्चर होऊन गाडी बसली की स्टेपनी बाहेर ओढायला खाली जागा उरत नाही. शिवाय स्टेपनी टांगून ठेवणारी साखळीची छोटी विंच पावसाळाभर चिखल-पाणी खात असते. वर्षानुवर्षं हात न लावलेली विंच नेमकी घाटात जाम निघते. म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा स्टेपनी पूर्ण खाली सोडून साखळीला ग्रीस लावायचं.

दुसरी मर्यादा मापाची. हायलक्सच्या २६५/६५ आर १७ टायरची उंची साधारण ७७६ मिमी भरते. २६५/७० घातला तर ८०३ आणि २८५/७० घातला तर ८३१. एक पायरी वर गेलात तर चाक खाली बसतं का हे टेपने मोजून बघा. दोन पायऱ्या वर गेलात तर दुसरी जागा शोधायच्या तयारीनेच मोजा. चार टायर मोठे आणि स्टेपनी जुन्या मापाची ठेवणारे पुष्कळ आहेत. फोर-व्हील लावून दगडांतून जाताना वेगवेगळ्या उंचीची चाकं ट्रान्सफर केस आणि डिफरन्शियलला, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांत वाटणाऱ्या गिअरना, ताण देतात, ती काटकसर महागात पडते.

हौद्यात

सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात कमी विचारात घेतला जाणारा पर्याय. हौद्याच्या पत्र्याखाली एक जाड पट्टी, त्यातून वर आलेला आट्यांचा रॉड, त्यावर चाक आडवं आणि वरून मोठा नट. उभं ठेवायचं असेल तर पुढच्या भिंतीला टेकवून, खाली पाळणा आणि दोन रॅचेट पट्टे. नुसती दोरी बांधून चालणार नाही. जोरात ब्रेक लागला की सुटं चाक केबिनच्या मागच्या काचेवर येतं.

तोटे दोन. साधारण दीड मीटर लांबीच्या हौद्यातली निम्मी जागा आडवं चाक खातं. आणि लोखंडी रिमसकट पस्तीस-चाळीस किलोचं मोठं चाक हौद्याच्या काठापर्यंत उचलायचं म्हणजे दोन माणसं लागतात. एकट्याने फिरणाऱ्याने याचा विचार आधीच करावा.

बंपर आणि फिरता दांडा

सगळ्यांचं मन इथेच अडकलेलं असतं, त्यामुळे जरा सविस्तर. रचना अशी: चासीच्या दोन्ही रुळांना बोल्टने धरलेला पोलादी बंपर, त्याच्या एका टोकाला उभा खुंट, खुंटावर फिरणारा दांडा आणि दांड्यावर चाक. दुसऱ्या टोकाला कडी. फाळका उघडायचा तर आधी दांडा बाजूला करायचा.

फॅब्रिकेशनवाला प्लेटच्या जाडीवर बोलत राहतो. ‘पाच एमएम घालतो साहेब, हत्ती बसला तरी वाकणार नाही.’ पाच मिमी प्लेटचं वजन चौरस मीटरला ३९ किलो, तीन मिमीचं साडेतेवीस. आतून रिब, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, दिल्या तर बंपरच्या अंगाला तीन मिमी पुरते, जाड प्लेट चासीच्या ब्रॅकेटला आणि खुंटाच्या मुळाशी हवी. कारण वजन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे लटकतं. सुमारे ३.१ मीटर व्हीलबेसच्या गाडीत अ‍ॅक्सलमागे १.२ मीटरवर ८० किलो वाढवले, तर मागच्या अ‍ॅक्सलवर १११ किलो येतात आणि पुढची चाकं ३१ किलोंनी हलकी होतात. मागचे पाटे (सस्पेन्शनच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बसतात, रात्री दिव्यांचा झोत वर जातो, चढावर स्टिअरिंग हलकं लागतं. म्हणजे पाट्यांचा खर्चही बंपरच्याच हिशेबात धरायचा.

आता खुंट. चाळीस किलोचं चाक खुंटापासून साठ सेंटीमीटरवर आहे आणि खुंटातली दोन बेअरिंगं एकमेकांपासून दहा सेंटीमीटरवर, तर दांडा उघडा असताना प्रत्येक बेअरिंगवर २४० किलोचा आडवा जोर येतो, तोही गाडी उभी असताना. बेअरिंगांतलं अंतर पंधरा केलं की तोच जोर १६० वर येतो. म्हणून खुंट उंच हवा, त्यात ट्रेलरच्या हबसारखी दोन टेपर रोलर बेअरिंगं हवीत, वर पाणी न जाणारी टोपी आणि ग्रीस भरायचं निपल. पाइपात पाइप घालून केलेली बिजागरी गॅरेजमध्ये लोण्यासारखी फिरते. एका पावसाळ्यात ती झिजते, दांड्याचं टोक खाली उतरतं, आणि मग कडी लावायला गुडघ्याने दांडा उचलावा लागतो. लेथवाल्याने खुंट ईएन-८ या मध्यम कार्बनच्या पोलादाचा काढला तर त्यातल्या कार्बनमुळे तो गार असताना वेल्ड करू नये. आधी गरम करून वेल्ड करायचा आणि हळूहळू गार होऊ द्यायचा, नाहीतर वेल्डच्या कडेला बारीक तडा जातो आणि तो रंगाखाली दिसतही नाही.

बंद असताना भार एकट्या खुंटावर राहता कामा नये. कडीच्या बाजूला दांडा एका उतरत्या नायलॉनच्या ठोकळ्यावर चढून घट्ट बसला पाहिजे. कडी टॉगल क्लॅम्पची, म्हणजे दांडी दाबून आवळली जाणारी, जोडीला सुरक्षेची पिन. उघड्या दांड्यालाही अडवणारी पिन किंवा गॅस स्ट्रट हवा. उतारावर गाडी उभी असताना मोकळा दांडा फिरला तर तो थेट नडगीवर येतो. आपल्याकडे खुंट डाव्या बाजूला घ्यावा, म्हणजे रस्त्याकडेला थांबल्यावर दांडा रहदारीकडे उघडत नाही.

कायद्याची बाजू

हे टाळून पुढे जाता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत फेरफार करण्यावर बंधनं घालतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीची तरतूद आहे. क्रॅश गार्ड आणि बुल बारविरुद्ध केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना लिहिलं होतं. नंबरप्लेट आणि टेललाइट चाकामागे झाकले गेले तर तो आणखी वेगळा गुन्हा. मागून कुणी धडकलं आणि विमा कंपनीला न कळवलेला लोखंडी बंपर सर्व्हेअरला दिसला, की दाव्यावर वाद ठरलेला. म्हणून रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला असा बंपर लावायचा सल्ला मी देत नाही. गोव्यात २०१४ पासून भर पावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या ऑफ-रोड स्पर्धेसाठी बांधलेली, ट्रेलरवरून नेली जाणारी गाडी असेल तर गोष्ट निराळी.

तयार की करून घेतलेला?

ऑस्ट्रेलियन कंपन्यांचे तयार बंपर त्या-त्या मॉडेलच्या चासीवरच्या भोकांना जुळतात, सेन्सर आणि दिव्यांच्या जागा दिलेल्या असतात, खुंट तावून-सुलाखून निघालेला असतो. पण वाहतूक आणि आयातशुल्क धरलं की किंमत डोळे पांढरे करते. शिवाय मागवण्याआधी आपलं मॉडेल आणि तिकडचं मॉडेल मागून सारखंच आहे का, हे ब्रॅकेट मोजून तपासावं लागतं.

पुण्याजवळ भोसरी-चाकणकडे लेसर कटिंग, बेंडिंग आणि लेथ हाकेच्या अंतरावर आहेत. लोखंड स्वस्त आहे, पैसे जातात ते मजुरीत. त्यामुळे घासाघीस करायची तर प्लेटच्या जाडीवर करा, खुंटावर आणि ब्रॅकेटवर नको. चासीला वेल्ड नको, १०.९ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) बोल्ट हवेत. शॅकलचा (ओढायचा दोर अडकवायच्या कडीचा) कान बंपरच्या प्लेटवर न लावता ब्रॅकेटमधून आरपार आलेला हवा, कारण रुतलेली गाडी ओढताना प्लेट फाटून उडू शकते. आतल्या पोकळीला पाणी निघायची भोकं ठेवून घ्या. कोकणात राहत असाल तर पावडर कोटिंगखाली झिंकचा प्राइमर लावल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.

माझी निवड अशी: टायर कंपनीच्या मापाचे असतील तर स्टेपनी खालीच. टायर मोठे आणि हौदा बहुतेक रिकामा, तर हौद्यात. हौद्यावर कॅनोपी (बंद टप), आत फ्रिज आणि ड्रॉवर आणि गाडी खास याच कामाची असेल, तरच दांडा. तो घेतलात तर गॅरेजमध्येच चाक लावून दांडा अर्धा उघडा, टोक धरून वर उचलून बघा. खुळखुळ हाताला लागली तर तिथेच परत द्या. पहिल्या कच्च्या रस्त्यानंतर चासीचे सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा आवळून घ्या, नट जागचे हलले तर कळावं म्हणून त्यांच्यावर रंगाची रेघ मारून ठेवा.