दीड लिटरची स्टीलची किटली: आठ महिन्यांच्या वापरानंतर

किटली अगदी साधी आहे. दीड लिटर, १५०० वॅट, एकेरी स्टील, तळात झाकलेलं एलिमेंट आणि कशीही फिरवून ठेवता येणारा गोल बेस. पाणी पुण्याच्या उपनगरातलं, म्हणजे बरेच दिवस बोअरचं आणि उन्हाळ्यात टँकरचं. चार माणसांच्या घरात ती दिवसाला पाच-सहा वेळा लागते. एवढ्या वापरानंतरचं मत असं की रंग, दिवे आणि डिस्प्ले नंतर बघा. आधी ओट्यावरचा सॉकेट आणि नळाचं पाणी बघा.

सॉकेटचं गणित सोपं आहे. १५०० वॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे साडेसहा अँपियर. लहान पिनांचा सॉकेट ६ अँपियरचा असतो, म्हणजे ही किटली त्याच्यावर पहिल्या दिवसापासून थोडी जादाच. सॉकेट जुना आणि आतून सैल असेल तर प्लग गरम होतो, भोवतीचं प्लास्टिक पिवळं पडतं आणि पुढे काळं. मिक्सर दोन-तीन मिनिटं चालून थांबतो, किटली मात्र पाच-सहा मिनिटं पूर्ण भार ओढते. म्हणून तिला १६ अँपियरचाच पॉइंट द्या. हल्ली ६/१६ चा एकत्र सॉकेट मिळतो, त्यात दोन्ही मापांचे प्लग बसतात. वायर जेमतेम पाऊण मीटर असते, त्यामुळे पॉइंट ओट्याजवळच हवा. एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका. घरगुती इन्व्हर्टरवरही ती चालत नाही, ९०० व्हीएच्या इन्व्हर्टरला हा भार झेपणारा नाही.

आणि अर्थिंग. स्टीलला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं तर वापर तिथेच थांबवा. दोष किटलीत असेल किंवा घराच्या वायरिंगमध्ये, तपासल्याशिवाय पुन्हा लावायची नाही.

वेगाबद्दल तक्रार नाही. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळायला चार मिनिटांच्या आसपास लागतात, काठोकाठ दीड लिटरला सहा. संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की फरक लगेच जाणवतो. २०० व्होल्टला तीच किटली सव्वाअकराशे वॅटवर येते आणि वेळ साधारण एक तृतीयांशाने वाढतो. त्यात बिघाड काही नाही. लिटरमागे वीज लागते ०.१ युनिट, म्हणजे १० रुपये युनिट धरलं तर एक रुपया. ९०० रुपयांच्या सिलिंडरवर तेच पाणी ७०-८० पैशांत उकळतं. पैसे वाचतील म्हणून किटली घेत असाल तर घेऊ नका. वाचते ती वेळ आणि गॅसची एक शेगडी: कुकर आणि तवा चढलेले असताना भातात, वरणात घालायचं आधणाचं पाणी बाजूला तयार होतं. सकाळी प्यायचं कोमट पाणी, थर्मास, शेकायची पिशवी, कोरा चहा ही कामंही तिचीच.

दूध घालून चहा मात्र यात करायचा नाही. दूध फसफसून वर येतं, वाफेच्या भोकातून थेट स्विचपर्यंत जातं, आणि जे तळाला करपतं ते घासून निघत नाही.

ते वाफेचं भोक समजून घ्या. झाकणाजवळ, मुठीच्या बाजूला ते असतं. पाणी उकळलं की वाफ त्यातून मुठीतल्या वाटेने खाली उतरते आणि दोन धातूंची छोटी चकती गरम होऊन वाकते, की स्विच उडतो. झाकण अर्धवट राहिलं तर वाफ वरच निघून जाते, चकती थंड राहते आणि पाणी उकळतच राहतं. आपोआप बंद होत नाही या तक्रारीत पहिल्यांदा झाकण तपासा, मग भोकात क्षार साचलेत का ते. तळाखाली दुसरी चकती असते, किटली कोरडी तापली तर वीज तोडणारी. ती उडाली तर किटली बेसवरून उचला, दहा-पंधरा मिनिटं निवू द्या, मगच पाणी घाला. तापलेल्या तळावर एकदम गार पाणी ओतू नका.

आता क्षार. दोन आठवड्यांत तळ पांढरा झाला, महिन्याभरात पापुद्रे सुटून कपात यायला लागले. हा कॅल्शियम-मॅग्नेशियमचा थर आहे, पोटाला घातक नाही, पण उष्णता अडवतो. तळ पाण्यापेक्षा खूप जास्त तापतो आणि खालची चकती त्याला कोरडी किटली समजून वीज तोडते. पाणी उकळायच्या आधीच किटली बंद पडायला लागली तर बहुधा हेच कारण. दुरुस्तीवाल्याकडे नेण्याआधी साफ करून बघा.

साफ करायला लिंबाचं फूल, म्हणजेच सायट्रिक ॲसिड. अर्धी किटली पाणी, त्यात दोन सपाट मोठे चमचे. पाणी आधी गरम करून किटली बेसवरून काढा आणि मग थोडं थोडं घाला, कारण थर जाड असेल तर जोरात फेस येतो. अर्धा तास ठेवून ओतून टाका, नंतर साधं पाणी दोनदा उकळून फेका. व्हिनेगरनेही थर निघतो, पण वास दोन दिवस रेंगाळतो. तारेची घासणी अजिबात नको, ओरखड्यांत थर आणखी घट्ट बसतो. तळावरचे तपकिरी ठिपके बहुतेक वेळा पाण्यातल्या लोहाचे असतात, लिंबाच्या फुलाने ते बहुधा जातात. बोअरच्या पाण्याला दर तीन आठवड्यांनी हे करावं लागतं. आरओचं पाणी वापरलं तर हे काम फारच क्वचित येतं. रात्री उरलेलं पाणी आत ठेवू नका, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

म्हणून तोंड रुंद हवं, हात तळापर्यंत गेला पाहिजे. या किटलीचं तोंड तसं आहे आणि तिच्यातली ती सगळ्यात चांगली गोष्ट. वाईट म्हणजे बाहेरचं स्टील पाण्याइतकंच तापतं. घरात लहान मूल असेल तर दुहेरी भिंतीची घ्या. पाणीही जास्त वेळ गरम राहतं. फक्त धुताना दोन भिंतींमध्ये पाणी शिरू देऊ नका. झाकणाची स्प्रिंग सहाव्या महिन्यात ढिली झाली, आता बोटाने दाबून लावावं लागतं. दुसरी अडचण किमान खुणेची. ती अर्धा लिटरवर आहे, म्हणजे दोन कपांसाठीही अर्धा लिटर तापवायचं. घरात दोघंच असतील तर एक लिटरची बरी.

तापमान ठरवता येणाऱ्या किटल्या ग्रीन टी पिणाऱ्यांसाठी ठीक, त्याला ७५ ते ८० अंश लागतात. बाकीच्यांनी त्यावर पैसे घालवू नयेत.

दुकानात लोहचुंबक लावून स्टील तपासायची पद्धत आहे. जोरात चिकटला तर ते बहुधा ३०४ (भांड्यांसाठीचं चांगल्या प्रतीचं स्टील) नाही, पण चिकटला नाही म्हणून ३०४ ठरत नाही, स्वस्त २०० मालिकेलाही तो चिकटत नाही. त्यापेक्षा आयएसआय खुणेखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा, झाकण दहा वेळा उघडबंद करा आणि जमलं तर पाणी ओतून चोच खाली गळते का ते तिथेच पाहा.