उरेब कापाचा सॅटिन मिडी स्कर्ट, पीडीएफ पॅटर्नवरून: काही महिन्यांच्या वापरानंतर

उरेब काप म्हणजे कापडाच्या उभ्या धाग्याला 45 अंशांत तिरका काप. पॅटर्न तसा लहानच. पुढचा भाग, मागचा भाग आणि कमरेच्या आतली पट्टी. डाव्या बाजूला इनव्हिजिबल चेन, लांबी पोटरीपर्यंत, प्लेट नाहीत, डार्ट नाहीत. म्हणून त्यावर ‘नवशिक्यांसाठी’ असा शिक्का आहे, आणि तो साफ चुकीचा आहे. टिपा मोजक्याच मारायच्या असल्या तरी हा स्कर्ट मशीनवर जायच्या आधी, कापतानाच जमतो किंवा बिघडतो. आखणी उत्तम, फिटिंग सुरेख. सोबतचं माहितीपत्रक मात्र सरळ धाग्यावर कापलेल्या सुती स्कर्टचं असावं तसं लिहिलंय.

प्रिंट काढताना स्केल 100 टक्के ठेवा. पहिल्या पानावरचा 10 सेंमीचा चौकोन उभा आणि आडवा, दोन्हीकडून पट्टीने मोजा. तो 9.7 भरला तर 100 सेंमीच्या सीटला (नितंबांच्या घेराला) 3 सेंमी गेलेच, आणि या पॅटर्नमध्ये सीटला सैलपणा आहे अवघा 4 सेंमी. साइज सीटवरूनच निवडायची. कंबर वेगळ्या साइजमध्ये येत असेल तर बाजूच्या रेषेत दोन्ही मापं हलकं वळण देऊन जोडता येतात. सॅटिन फार पातळ असेल तर सैलपणा 6 सेंमीपर्यंत वाढवा. का ते पुढे येईल.

कापड: व्हिस्कोस सॅटिन, क्रेप, सॅटिन-बॅक क्रेप छान पडतात. कडक कापडात उरेब कापण्याला अर्थच राहत नाही, कारण पडण्यासाठीच तर तो काप असतो. 112 सेंमी पन्ह्याला, 75 सेंमी लांबीसाठी, सव्वादोन मीटर धरा. व्हिस्कोस आधी धुऊन, सुकवून, इस्त्री करून मगच कापायला घ्यायचं, ते आटतं.

आता मुख्य गोष्ट. तुकडे दुहेरी घडीवर कापायचे नाहीत. सॅटिन घडीत सरकतं, खालचा थर दोन-तीन अंशांनी फिरतो आणि ते कळतही नाही. कापड एकेरी पसरा, खाली पातळ कागद घाला आणि कागदासकट कापा. टाचण्या बारीक हव्यात आणि फक्त शिलाईच्या मार्जिनमध्ये. सॅटिनवरची भोकं जात नाहीत. पॅटर्नवरची धाग्याची रेषा (कापडाच्या उभ्या धाग्याची दिशा दाखवणारी) तुकड्याच्या दोन्ही टोकांपर्यंत वाढवून घ्या आणि तिचं कापडाच्या काठापासूनचं अंतर दोन्ही टोकांना मोजा. सारखं भरलं तरच कात्री लावा.

पुढचा भाग कापून झाला की मागच्या भागाचा कागद उलटा करून ठेवा, म्हणजे उरेबची दिशा आरशातल्यासारखी उलट होईल. माहितीपत्रकात याचा उल्लेखही नाही. स्कर्टची बाजूची कड खाली जाताना बाहेर फाकते. दोन्ही भाग एकाच दिशेने कापले तर एका भागाची कड उभ्या धाग्याच्या जवळ जाते आणि तिला जोडायची दुसरी कड आडव्या धाग्याच्या. दोन्ही धाग्यांचा ताण सारखा नसतो, एक बाजू जास्त लांबते, आणि स्कर्ट अंगावर पिळल्यासारखा फिरतो. चालताना शिवण पुढे सरकणं हे बहुतेक वेळा शिवणीचं नाही, याचं दुखणं असतं. उलट दिशेने कापलं की जोडल्या जाणाऱ्या दोन्ही कडा सारख्याच लांबतात.

पॅटर्नमध्ये मार्जिन 1.5 सेंमी आहे. बाजूंना ते 2.5 करा. उरेब कापड लटकलं की लांबीत वाढतं आणि रुंदीत आकसतं, ती तूट इथून भरून काढता येते.

कमरेची कड ताणली जाऊ नये म्हणून कापल्या कापल्या तिला आधाराची टीप घाला, कडेपासून 1 सेंमीवर, बाजूकडून मध्याकडे. नंतर आतली पट्टी लावताना त्याच कापडाच्या काठाची अरुंद पट्टी कमरेच्या शिवणीत धरा. तिची लांबी पॅटर्नवरून मोजा, कापडावरून नाही. तोवर कापड ताणलेलं असतं.

सुई 60 किंवा 70 नंबरची, नवी, बारीक टोकाची. बोथट सुई सॅटिनचा धागा ओढते आणि आडवी रेघ उमटते. बाजूच्या शिवणीला सरळ टीप घालू नका; 2.5 मिमी लांबी आणि 0.5 मिमी रुंदीचा झिगझॅग ठेवा. दिसतो सरळच, पण कापड लांबलं की दोरा तुटत नाही. ओव्हरलॉकची गरज नाही, उरेब कड फारशी उसवत नाही. उलट ओव्हरलॉकने ती लाटांसारखी होते आणि दोऱ्याचा उंचवटा सुलट बाजूला उमटतो.

चेनच्या जागी दोन्ही मार्जिनवर 2 सेंमी रुंदीची फ्यूजिंगची (इस्त्रीने चिकटणाऱ्या अस्तराची) पट्टी, तीही सरळ धाग्यावर कापलेली, चिकटवा. हे टाळलं तर चेन फुगून सीटवर फणा काढते. इस्त्री उलट बाजूने, मंद, उचलून ठेवत. घासत नेली तर तुकड्याचा आकारच बदलतो.

खालची दुमड घालायची घाई नको. स्कर्ट कमरेवर निदान 24 तास टांगून ठेवा, सैल विणीच्या कापडाला दोन दिवस द्या. घेर सगळीकडे सारखा उतरत नाही. मग अंगावर घालून जमिनीपासून पट्टीने सारखी उंची घेत चारी बाजूंनी खुणा करायच्या आणि तिथून कापायचं. दुमड 5–6 मिमीची बारीक, दुहेरी. रुंद दुमड जड होते आणि वळणावर चुण्या पडतात.

वापरात काय टिकलं? कंबर जिथल्या तिथे आहे, चेन सपाट आहे. घेर पहिल्या काही धुण्यांत आणखी थोडा उतरला, मग थांबला. व्हिस्कोसमध्ये जास्त, पॉलिएस्टरमध्ये जवळपास नाही. पातळ सॅटिनमध्ये बसता-उठता सीटजवळच्या शिवणीला ताण येतो, टीप शाबूत राहते पण शेजारचे धागे सरकून बारीक जाळी दिसू लागते. ती दुरुस्त होत नाही. सैलपणा वाढवायला सांगितलं ते यासाठी. पॉलिएस्टर सॅटिन कोरड्या हवेत पायांना चिकटतं. अस्तर लावायचं तर तेही उरेबच कापा आणि फक्त कमरेला जोडा, खाली मोकळं सोडा. सरळ धाग्यावरचं अस्तर बाहेरच्या कापडाला हलू देत नाही.

अंतर्वस्त्राची कड या स्कर्टमधून दिसते. तो कापाचा गुण आहे, पॅटर्नचा दोष नाही.

पॅटर्नमध्ये इलॅस्टिकच्या कमरेचा दुसरा प्रकार आहे, तो मला तितका पटला नाही. चेन नसल्याने कंबर सीटवरून जाईल इतकी रुंद ठेवावी लागते, पोटावर चुण्या येतात आणि वर टॉप खोचला की त्या फुगतात. टॉप बाहेर सोडणार असाल तर चालेल. इलॅस्टिक 25 मिमीचं घ्या. त्याहून अरुंद असेल तर बोगद्यात पिळतं.

धुतल्यावर पिळू नका, क्लिपवर टांगू नका. आडवा पसरून वाळवा आणि कपाटात घडी करून ठेवा.