ब्लूबेरी, आठ महिन्यांनंतर: डबा उलटा करून बघा

मार्चमध्ये आणलेल्या डब्यात ७१ दाणे निघाले, त्यातले १९ बुरशी धरलेले. सव्वाशे ग्रॅमला ३२० रुपये, म्हणजे दाण्याला साडेचार रुपये. पंचाऐंशी रुपये सरळ कचऱ्यात. वरचे दाणे टपोरे, खराब सगळे तळाला. तासाभरात पोवई नाक्याकडच्या दुकानात परत नेला, तर फळवाला म्हणतो, "ताई, फळ आहे, गॅरंटी कोण देणार?" तेव्हापासून साताऱ्यात कुठेही डबा उलटा करून तळ बघितल्याशिवाय मी पैसे देत नाही. आत पाण्याचे थेंब दिसले तर तो डबा घेऊच नका.

यांना मधुमेह आहे. आहारतज्ज्ञांनी नोव्हेंबरमध्ये दह्याबरोबर मूठभर सुचवल्या. १०० ग्रॅमला ५७ कॅलरी, साखर दहा ग्रॅमच्या आसपास, हे तुम्हाला माहीत असेल. यांची साखर ब्लूबेरीने उतरली असं मी म्हणणार नाही, कारण त्याच महिन्यांत त्यांनी रात्रीचा भातही सोडला.

'क' जीवनसत्त्वासाठी घेत असाल तर मात्र थांबा. १०० ग्रॅममध्ये ते जेमतेम १० मिलिग्रॅम, आपल्या पेरूत दोनशेच्या आसपास. ब्लूबेरीचं खरं मोल तिच्या रंगात, म्हणजे अँथोसायनिन या रंगद्रव्यात आहे. दाणा कापून बघा, आत पांढुरका-हिरवट गर. रंग सगळा सालीत. म्हणजे तेवढ्याच वजनात बारीक दाण्यांची साल जास्त. आणि मी चार महिने 'जंबो' दाण्यांना पन्नास रुपये जादा देत होते!

मोठ्या दाण्याचा हा सोस जुना आहे. अमेरिकेत हे मूळचं रानफळ. न्यू जर्सीत एलिझाबेथ व्हाइट यांनी रानात बेरी वेचणाऱ्यांना सर्वांत मोठ्या दाण्यांची झुडपं शोधायला सांगितली. वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी या झाडाला आम्ल माती लागते हे दाखवून दिलं. दोघांच्या कामातून १९१६ मध्ये लागवडीचं पहिलं पीक विकलं गेलं.

एक चूक माझीही होती. दाण्यावरची पांढरी भुकटी औषधाची फवारणी समजून मी आल्या आल्या चोळून धुवायचे आणि स्टीलच्या डब्यात कोंडून ठेवायचे. ते फळाचं स्वतःचं मेण असतं, ओल्यापासून जपणारं. आता खायच्या वेळीच धुते. फ्रिजमध्ये सुती फडक्यावर पसरून ठेवलेल्या आठवडाभर टिकतात.

एप्रिलपासून गोठवलेलं पाकीट आणते, अर्धा किलो साडेपाचशेला. आधी नाक मुरडलं होतं, पण त्यातलं अँथोसायनिन बऱ्यापैकी टिकतं आणि एक दाणा वाया जात नाही. बर्फ सुटल्यावर मऊ पडतात, म्हणून गोठलेल्याच दह्यात टाका. दही जांभळं होतं, नातीला तेच आवडतं. सुकवलेल्या घेऊ नका. मी आणलेल्या पाकिटावर घटकांत दुसरंच नाव साखरेचं होतं.

मे महिन्यात यवतेश्वरच्या घाटातली करवंदं आली, जूनमध्ये जांभळं. त्यांचा गडद रंगही अँथोसायनिनचाच, म्हणून ते दोन महिने ब्लूबेरी बंदच ठेवली. जांभळं संपली, तसं या आठवड्यात पाकीट पुन्हा आणलं. ताजा डबा त्या दुकानातून नाही. राजवाड्याजवळचा फळवाला उलटा करून बघू देतो, घेतला तर त्याच्याकडूनच.